काकांची सेंट्रल पार्कची कॅसेट: आवाज साफ करण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल.

तुमचे काका १९८१ मध्ये न्यूयॉर्कला शिकत होते. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीचा सेंट्रल पार्कमधला कार्यक्रम त्यांनी गर्दीत बसून, मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर, साठ मिनिटांच्या दोन कॅसेटवर उतरवला. काका गेल्या वर्षी गेले. कॅसेट डोंबिवलीच्या घरी माळ्यावरच्या पेटीत सापडल्या आणि एकीवर पांढरे ठिपके आहेत. तुम्ही विचारलंय की ऑनलाइन मिळणारा छोटा यूएसबी कॅसेट प्लेअर घेऊन घरीच हे काम करता येईल का, लोकांचा गोंगाट आणि खरखर काढून फक्त गाणी ठेवता येतील का, आणि आई म्हणते तसं काका मध्येच मराठीत काही बोलले असतील तर ते नीट ऐकू येईल का.

यातले शेवटचे दोन प्रश्न एकमेकांच्या आड येतात. गोंगाट काढायला गेलात तर काकांचं बोलणंही त्याबरोबर जाईल, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी दोन्ही एकच: गाण्यात मिसळलेला माणसांचा आवाज. त्यामुळे या कॅसेटमधून नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. माझं मत आत्ताच सांगते. या कॅसेटवरची गाणी जगात कुठेही मिळतात. गाण्यांच्या आजूबाजूला जे आहे ते फक्त तुमच्याकडे आहे. ते काढून टाकायला मी मदत करणार नाही. ते जपून उतरवायला जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

पुण्यात २२ वर्षं मी हेच काम करतेय. स्पूल, कॅसेट, क्वचित तारेवरचं रेकॉर्डिंग. माझ्याकडे येतात त्या बहुतेक घरगुती बैठका, कीर्तनं, लग्नं आणि आजोबांची पत्रं, म्हणजे परदेशी मुलाला टेपवर बोलून पाठवलेली. अमेरिकेतल्या कार्यक्रमाची टेप फार कमी वेळा येते. पण टेप मिरजेची असो की मॅनहॅटनची, बिघडते सारखीच.

कार्यक्रमाबद्दल दोन गोष्टी आधी सांगते, कारण पुढचे निर्णय त्यांवर ठरतात. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल १९७० मध्ये वेगळे झाले होते. १९ सप्टेंबर १९८१ ला, शनिवारी, ते सेंट्रल पार्कच्या ग्रेट लॉनवर पुन्हा एकत्र गायले. तिकीट नव्हतं, उद्यानाच्या डागडुजीसाठी पैसा उभा करायचा होता. दिवसभर पाऊस पडत होता, तरी लोक पहाटेपासून चादरी आणि खुर्च्या घेऊन जागा धरून बसले होते. श्रोत्यांचा आकडा ५ लाख सांगितला जातो. या कार्यक्रमाचं पूर्ण व्यावसायिक ध्वनिमुद्रण झालं, चित्रीकरणही झालं, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये दोन रेकॉर्डींचा अल्बम बाजारात आला. त्याच्या निर्मात्यांमध्ये त्या दोघांबरोबर फिल रमोन आणि रॉय हॅली ही नावं आहेत. रॉय हॅली म्हणजे या जोडीच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगचे ध्वनिमुद्रक, आमच्या धंद्यातलं फार मोठं नाव. गाणी स्वच्छ ऐकायची असतील तर त्यांनी केलेलं काम ऐका. काकांच्या कॅसेटमधून तसा आवाज मी काय, कोणीच काढू शकणार नाही.

आता अल्बममध्ये काय नाही ते बघा. त्या संध्याकाळी जे सादर झालं त्यातल्या दोन गोष्टी अल्बममध्ये घेतल्या नाहीत. एक म्हणजे सायमनचं तेव्हा नवं असलेलं एक गाणं, ज्यात बीटल्समधल्या जॉन लेननच्या मृत्यूचा उल्लेख येतो. लेननचा खून आदल्या डिसेंबरमध्ये झाला होता, याच उद्यानाच्या पश्चिम कडेला, त्याच्या घराच्या दारात. गाणं चालू असताना एक माणूस धावत मंचावर चढला. दुसरी गोष्ट अगदी शेवटची. आतषबाजीला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून सायमनने लोकांनाच आपली आतषबाजी करायला सांगितलं, हजारो लोकांनी लायटर पेटवले, आणि आधी गायलेलं एक गाणं पुन्हा एकदा झालं. हे दोन्ही प्रसंग चित्रफितीत आहेत, त्यामुळे अगदीच हरवलेले नाहीत. पण चित्रफितीत ते मंचावरून ऐकू येतात. लेननचं नाव आल्यावर काकांच्या चादरीवर बसलेली चार माणसं गप्प झाली की कुजबुजली, हे तिथे कळणार नाही. शेजारच्याने लायटर पेटवला असेल तर त्याची बारीक ‘कट्ट’ काकांच्या मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर झाली असेल.

आणि आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी हीच ‘कट्ट’ पुसून टाकतं. त्याच्या दृष्टीने तो टेपवरचा डाग असतो.

हा धडा मी काम करता करता शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मिरजेच्या एका घरातली बैठकीची स्पूल आली होती. गाणं सुंदर होतं, पण मागे ठरावीक अंतराने एक ‘कुरर्र’ येत होती. तीन दिवस बसून, एकेक जागा हाताने वेचून मी ती काढली आणि खूश होऊन सीडी दिली. आठवड्याने त्या घरातल्या सूनबाईंचा फोन आला. आधी आभार मानले आणि मग विचारलं, ‘आमचा झोपाळा कुठे गेला?’ त्या झोपाळ्यावर त्यांच्या सासूबाई बसलेल्या होत्या. स्पूलवरून कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उतरवलेली फाइल मी जागा वाचवायला पुसून टाकली होती. स्पूल त्यांच्याकडे शाबूत होती म्हणून पुन्हा उतरवता आली. नसती तर तो झोपाळा माझ्या हाताने कायमचा गेला असता. तेव्हापासून पहिली, हात न लावलेली फाइल मी कधीही पुसत नाही आणि गिऱ्हाइकालाही तीच आधी देते.

आता कामाकडे येते. बरंचसं तुमच्या कॅसेटच्या अवस्थेवर आणि काकांकडे कुठला टेपरेकॉर्डर होता यावर ठरेल, आणि ते मला इथून दिसत नाही. तेव्हा जिथे ‘असेल तर’ म्हणते तिथे तुम्हीच बघून ठरवा.

पहिली गोष्ट, कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. ज्या कडेने टेप दिसते तिच्या विरुद्ध कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या छोट्या चकत्या असतात. त्या शाबूत असतील तर पेचकसाने मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही छापलं जाणार नाही. मग दोन्ही कॅसेट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. पांढरे ठिपके बहुतेक बुरशीचे असणार. मुंबई आणि कोकणच्या हवेत माळ्यावर राहिलेल्या दहांपैकी पाचसहा कॅसेटवर मला ती दिसते. बुरशीची टेप चालवली तर ती हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, घासते, टेपवरचा लेप खरवडते आणि तिची भुकटी मशीनमध्ये बसून पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आठवडाभर ठेवा. बुरशी कोरडी पडली की भुरभुरीत होते आणि सुटते. त्यानंतरचं काम, म्हणजे कवच उघडून टेप नव्या कवचात घालणं आणि मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडातून हाताने हळूहळू गुंडाळणं, तोंडावर मास्क लावून करायचं असतं. आधी पाचदहा बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर हात बसलेला नसेल तर हे जाणकाराला द्या. यात पैसे वाचवू नका.

ठिपके नसलेल्या कॅसेटचंही कवच बघा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये स्क्रू असतील तर नशीब. कवच चिकटवलेलं असेल तर उघडताना फोडावं लागतं. ज्या खिडकीतून टेप दिसते तिथे मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा बारीक तुकडा असतो. टेप हेडला टेकवून धरणारा तोच. इतक्या वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि तो गळून पडतो. तो नसेल तर आवाज कोंदट येतो, आणि लोक समजतात की रेकॉर्डिंगच वाईट आहे.

मग मशीन. यूएसबीचे छोटे प्लेअर घेऊ नका असं मी सरळ सांगते. त्यांची मोटर हलकी असते, वेग हलतो, आणि लांब धरलेला सूर पाण्यात थरथरल्यासारखा येतो. दोन माणसांनी एकमेकांच्या सुरात सूर मिसळून गाणं हाच ज्या जोडीचा प्राण, तिच्या टेपवर तर हे फारच जाणवेल. त्यापेक्षा ओळखीत कोणाकडे घरचा जुना कॅसेट डेक पडून असेल तर तो मागा. रबरी पट्टे सैल झाले असतील तर बदलून मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. हेड आणि त्याशेजारची धातूची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाची काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा. काकांची टेप लावण्याआधी एखादी टाकाऊ कॅसेट पूर्ण चालवून बघा, कारण टेप गिळणारं मशीन पहिल्याच फेरीत गिळतं.

यानंतर एक गोष्ट आहे जी घरी काम करणारे बहुतेक लोक सोडून देतात, आणि माझ्या मते निम्मा आवाज तिथेच हरवतो. हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते. ती टेपला बरोबर काटकोनात असायला हवी. काकांच्या हातातल्या रेकॉर्डरमध्ये ती जराशी तिरकी असेल तर रेकॉर्डिंगही तिरकंच झालं. तुमच्या डेकची फट सरळ असेल, तर सरळ फटीतून तिरकं रेकॉर्डिंग वाचताना वरचे स्वर, म्हणजे गिटारच्या तारेचा झणकार, ‘स’ आणि ‘श’, टाळ्यांची धार, सगळं मिटून जातं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. हेडफोन लावायचा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकायचं, आणि स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. एका जागी आवाज असा उघडतो की ओढून घेतलेली गोधडी कोणी तोंडावरून काढावी. तिथे थांबा. स्क्रू आधी कुठे होता त्याची खूण पेनने करून ठेवा. कॅसेटची बाजू बदलली की पुन्हा बघा, कारण दुसऱ्या बाजूला जागा थोडी सरकलेली असू शकते.

काकांचा रेकॉर्डर बहुधा मोनो असणार. तरीही उतरवताना स्टिरिओच उतरवा. मोनोचा पट्टा टेपवर स्टिरिओच्या डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्यांना झाकतो, त्यामुळे एकच आवाज तुम्हाला दोनदा मिळतो. एका पट्ट्यावर बुरशीने भोक पाडलं असेल तर तेवढ्यापुरता दुसरा कामी येतो. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेचं, बटण बंद ठेवा. हातात घेऊन फिरायच्या साध्या रेकॉर्डरमध्ये डॉल्बी नसायचं. फाइल २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह किंवा फ्लॅक या आवाजातलं काही न गाळणाऱ्या प्रकारांत. एमपी३ मध्ये मूळ प्रत कधीही करू नका. आवाजाची पातळी कमी ठेवा, सगळ्यात मोठ्या टाळ्याही उणे १० डेसिबलच्या आसपास राहिल्या तर उत्तम. टेप एका बाजूला लागली की शेवटपर्यंत चालू द्या, मध्ये थांबवू नका.

यातच सांगते. साठच्या दोन कॅसेट म्हणजे चार बाजू, एकेक ३० मिनिटांची, एकूण दोन तास. कार्यक्रम साधारण दीड तासाचा. म्हणजे चौथी बाजू बहुधा कोरी आहे असं वाटेल आणि दोन मिनिटं शांतता ऐकून तुम्ही बंद कराल. करू नका. शेवटच्या इंचापर्यंत चालवा. अशा उरलेल्या बाजूंवर मला परतीच्या एसटीतलं बोलणं सापडलंय, दुसऱ्या दिवशीचा चहा सापडलाय, बटण बंद करायला विसरलेल्या माणसाची घोरणारी रात्र सापडली आहे. आई म्हणतात ते काकांचं बोलणं गाण्याच्या मध्ये नसून तिथेही असू शकेल.

वेगाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण गर्दीत बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हीच चूक सगळ्यात सर्रास सापडते आणि ती दुरुस्तही करता येते. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते. काकांचा रेकॉर्डर बॅटरीवर होता. ग्रेट लॉनवर दिवसभर बसून, मध्ये कदाचित रेडिओही ऐकून, संध्याकाळपर्यंत सेल उतरले असतील तर मोटर मंदावली असेल. मंद वेगाने रेकॉर्ड झालेली टेप आपण बरोबर वेगाने लावली की गाणं पळतं आणि सूर चढतो. म्हणजे पहिल्या गाण्यात दोघं ठीक वाटतील आणि शेवटच्या गाण्यात कोवळ्या पोरांसारखे ऐकू येतील. वेग ६ टक्क्यांनी वाढला की सूर पेटीवरच्या एका पट्टीने चढतो. ३ टक्के म्हणजे अर्धी पट्टी, आणि ती कानाला नक्की टोचते.

घरगुती बैठकीच्या टेपवर मला पट्टीचा अंदाज गायकाच्या नेहमीच्या काळी-पांढरीवरून करावा लागतो. तुमच्याकडे मात्र उत्तरपत्रिकाच आहे. त्याच संध्याकाळची, तीच सादरीकरणं अल्बममध्ये आहेत. अल्बममधलं एक गाणं आणि काकांच्या टेपवरचं तेच गाणं शेजारीशेजारी ठेवा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठोक्यामधला काळ मोजा. प्रत्येक बाजूच्या पहिल्या आणि शेवटच्या गाण्यासाठी हे करा, म्हणजे वेग कुठून कुठे सरकत गेला ते कळेल. त्यानुसार दुरुस्ती करा, पण दुसऱ्या फाइलमध्ये. अधिकृत रेकॉर्डिंगचा माझ्या दृष्टीने तुम्हाला होणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच. काहीजण कॅसेट पलटताना राहिलेला तुकडा अल्बममधून उचलून मध्ये जोडतात. ऐकायला बरं वाटतं, पण मग वीस वर्षांनी घरात कोणालाच सांगता येणार नाही की यातलं काकांनी किती उतरवलं आणि बाजारातलं किती. तो रिकामा तुकडा तसाच राहू द्या. तिथे काका अंधारात, ओल्या गवतावर कॅसेट पलटत होते.

कॅसेट मूळ आहे की प्रत, हेही याच टप्प्यावर कळतं. मूळ असेल तर बटण दाबल्याचा जाड ‘धप्प’ बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी ऐकू येईल. घरी डेकवरून डेकवर केलेली प्रत असेल तर खाली विजेची बारीक घुमघुम असण्याची शक्यता फार. ती अमेरिकेत ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ५० ची. त्यामुळे वेग बरोबर केल्यावर घुमघुम ५० ला आली, तर ही प्रत काका परत आल्यावर इथे झालेली आहे, आणि मूळ कॅसेट अजून कुठेतरी, कदाचित त्यांच्या एखाद्या मित्राकडे असेल. तेव्हा पेटी पुन्हा एकदा तळापर्यंत बघा, आणि कॅसेटवरचे कागद, त्यांवरचं अक्षर, गाण्यांची यादी, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. खरखर थोडी कमी करता येते. टेपची एकसारखी ‘स्स्स’ मी चारपाच डेसिबल खाली आणते, त्यापुढे जात नाही, कारण त्यापुढे टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या होतात. खालचा घुमणारा वारा काढता येतो. लांबच्या स्पीकरांचा प्रतिध्वनी निघत नाही: मंचापासून २०० मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो, आणि वेगवेगळ्या अंतरांवरचे स्पीकर असतील तर एकच शब्द मागेपुढे दोनदा ऐकू येतो. काका कुठे बसले होते त्याचीच ती खूण, तिच्याशी भांडू नका. गायन आणि गर्दी वेगळी करणारी नवी सॉफ्टवेअर आली आहेत. मी ती वापरून बघितली आहेत, बोलणं शोधायला वापरतेही. पण त्यातून निघालेला गायकाचा आवाज सपाट आणि चिकट होतो, आणि गाणं स्वच्छ हवं असेल तर अल्बम आहेच.

रेकॉर्डिंगचं पुढे काय करायचं हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण पुढचा मोह तोच असतो. घरच्यांना, काकांच्या मित्रांना ऐकवा. इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकू नका आणि विकू तर मुळीच नका. गाणी ज्यांनी रचली त्यांचे हक्क आहेत, गाणाऱ्यांचेही आहेत. आपल्याकडेही कलावंताच्या सादरीकरणावरचा हक्क कायद्यात आहे, ५० वर्षांचा. काही कलाकार श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू देतात आणि विनामूल्य वाटूही देतात. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली होती. पण तशी परवानगी कलाकाराने दिलेली असावी लागते, ती आपण गृहीत धरायची नसते. म्हणून काकांनी चूक केली असं मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडे रसिकांनी स्पूल काखोटीला मारून मैफिली उतरवल्या नसत्या तर कितीतरी गवयांचं भर बहरातलं गाणं आज आपल्या कानावर पडलंच नसतं. त्यांनी ते प्रेमाने केलं आणि बहुतेकांनी जन्मभर फुकट वाटलं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

आता तिसरा प्रश्न. आईंना सांगा की आशा चांगली आहे. अशा रेकॉर्डरमध्ये मायक्रोफोन अंगातच असतो आणि आवाजाची पातळी तो आपोआप ठरवतो. जवळ कोणी बोललं की मशीनला वाटतं आवाज फार मोठा झाला, मग ते सगळंच खाली ओढतं. त्यामुळे जवळच्या बोलण्याच्या वेळी गाणं एकदम मागे सरतं, आणि बोलणं संपल्यावर दोनतीन सेकंदांत हळूहळू पुन्हा वर येतं. फाइल कॉम्प्युटरवर उघडली की गाणं असं दबलेल्या जागा आलेखात डोळ्यांनी दिसतात. त्या टाळ्यांना लागून नसून गाण्याच्या मध्येच असतील तर तिथे कोणीतरी मायक्रोफोनजवळ बोललंय. अशा जागांची वेळ लिहून काढा. मग त्या एकेक ऐका, ३०० ते ३००० हर्ट्झमधलाच आवाज ठेवून, हेडफोनवर. साफ केलेली फाइल यासाठी वापरू नका, पहिली कच्चीच घ्या.

आणि शेवटचा कान आईंचा असू द्या. शब्द कळले नाहीत तरी कोण बोलतंय ते तुमच्या-माझ्या आधी त्यांना कळेल. त्यांना सलग दीड तास बसवू नका; लिहून काढलेल्या जागा, प्रत्येकी वीसेक सेकंद, तीनचार वेळा लावा. त्या हात वर करतील तिथे थांबा आणि वेळ लिहून घ्या. कॅसेटच्या कागदावर काकांच्या अक्षराखाली ती वेळ आणि वाक्य पेन्सिलीने लिहून ठेवा.